सीटखालची वायर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तीन-चारदा ओठांपर्यंत आली — आणि दर वेळी मी भलतंच काहीतरी बोललो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

नव्वदच्या दशकात मी पेणला, रामवाडीच्या एका सर्व्हिस स्टेशनात गाड्यांचं वायरिंग करायचो. एकदा कंपनीचं पत्र आलं. काही व्हॅनमध्ये पुढच्या सीटखालची जाड वायर पत्र्याच्या कडेला घासते, शॉर्ट होऊन आग लागू शकते. गाड्या बोलवा, वायर फुकट बदलून द्या. मालकांना पत्रं गेली. बरेच जण फिरकलेच नाहीत.

रोह्याचा दत्ताराम आला. भाड्याने व्हॅन चालवायचा. पत्र मिळाल्याच्या तिसऱ्याच दिवशी, हातातलं भाडं सोडून आला. "मिस्त्री, घरची मान्सं बसतात हिच्यात," म्हणाला. "नीट बगा."

आणि चहाला गेला. किती विश्वासाने गेला!

वायर बदलायची म्हणजे सीटा काढा, डॅशबोर्ड उघडा — तीन तास. मी एक सीट उचलली. वायरचं आवरण जरासं खरवडलं होतं. तांबं दिसत नव्हतं. मी — मी तिला काळ्या चिकटपट्टीचे चार वेढे दिले, सीट बसवली आणि कार्डावर लिहिलं, 'वायर बदलली'. नवी वायर भंगाराखाली सरकवली.

घाई होती का? नाही. कोणी ओरडत होतं का? तेही नाही. कंटाळा आला होता. बस, एवढंच.

पाच महिन्यांनी, भर दुपारी, नागोठण्याच्या पुढे ती व्हॅन पेटली. आत दत्ताराम, त्याची बायको सुलभा आणि त्याची आई. सुलभा बाहेर पडली होती. सासूला ओढायला ती परत आत वाकली. तिचे हात कोपरापर्यंत भाजले. म्हातारी चौथ्या दिवशी गेली.

दत्ताराम आमच्याकडे आला, तेव्हा वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. त्याने फक्त विचारलं, "मिस्त्री, तुमी तर वायर बदललेली. मंग आग कशानं लागली?" आणि खाली बघत म्हणाला, "दिवाळीला गाडीत गाण्यांचा प्लेअर बसवला बाजारात. सुलभाचा हट्ट. त्यानंच झालं आसंल ना?"

तुम्ही काय म्हणाला असतात?

मी म्हणालो, "व्हय. त्यानंच."

कंपनीचा माणूस आला, त्यालाही तेच सांगितलं. त्याने माझं कार्ड पाहिलं, मान डोलावली, लिहून घेतलं. त्या संध्याकाळी मी भंगाराखालची नवी वायर पिशवीत घातली आणि खाडीत टाकली.

वर्षभराने कामासाठी रोह्याला गेलो होतो. दत्तारामाने रस्त्यात पाहिलं आणि घरी नेलं. सुलभाने पाणी आणलं — बोटं एकमेकांना चिकटलेली, पेला दोन्ही तळव्यांमध्ये धरलेला. दत्ताराम माझ्याशी सगळं बोलला. तिच्याशी एक शब्द नाही. मी निघालो, तेव्हा ती दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "माज्या हौसेपायी गेल्या हो सासूबाई. ह्यांनी त्या दिवसापास्नं मला हाक नाय मारली."

तो आत होता. चार पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं ना?

मी म्हणालो, "नशीब, वहिनी." आणि चपला घातल्या.

दत्ताराम आता नाही. गेला तोवर तिच्याशी बोलला की नाही, मला ठाऊक नाही. ती कासूला भावाकडे असते म्हणतात. पेणहून कासू एकच स्टेशन. मी कधी उतरलो नाही. गाडी तिथे थांबते, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो — आणि तरी ते तळवे दिसतातच.

प्लेअरचा काही दोष नव्हता. सुलभाचाही नव्हता. वायर मी बदललीच नव्हती.