सासूबाईंची सही

सरकारी रेकॉर्ड रूममधली कुठलीही हरवलेली फाईल टाकेबाईचा नवरा तासाभरात काढून द्यायचा. कागद तीस वर्षांपूर्वीचा असो नाहीतर उंदरांनी कुरतडलेला, शिडी लावून वर चढायचा आणि तो हातात घेऊनच खाली उतरायचा. असा माणूस एका मंगळवारी डबा घेऊन ऑफिसला निघाला आणि स्वतःच हरवला. ऑफिसात त्यावर बरेच दिवस विनोद चालले. ते टाकेबाईच्याही कानावर आले, पण हसणाऱ्यांशी भांडणार कशी? तिची पेन्शनची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून तीही थोडं हसायची.

टाकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात ती लग्नाआधीपासून बसायची आणि कोणी काहीही फाटकं आणलं तरी "दोन टाके घालून देते" म्हणायची, म्हणून गल्लीने ते ठेवलेलं. आता पन्नाशी उलटली होती. सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाला सांगावं लागायचं. गिऱ्हाईक हसून ओवून द्यायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जायचं. डॉक्टर म्हणाले होते, बारीक काम सोडा. पेन्शन मिळाली तरच ते सुटणार होतं.

नियम तसा सोपा होता. सात वर्षं माणसाची काहीच खबर नाही, अगदी घरच्यांनाही नाही, तर तो मेला असं धरायचं आणि बायकोला पेन्शन सुरू करायची. पण ही सात वर्षं मोजायची पोलिसांत तक्रार दिली त्या दिवसापासून, आणि तिथेच या घराने माती खाल्ली होती. लोक काय म्हणतील म्हणून सासू-सुनेने चार महिने "ते ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलेत" असं सांगितलं होतं. ते चार महिने वाया गेले. नंतर दर वर्षी टाकेबाई चौकीत जाऊन विचारायची, "काही कळलं का?" हवालदार उलट तिलाच विचारायचा, "तुम्हाला काही कळलं का?" ती नाही म्हणायची, की तो रजिस्टरमध्ये तसं लिहून घ्यायचा.

अखेर सात वर्षं भरली. पेन्शनच्या टेबलावरचा कारकून एके काळी तिच्या नवऱ्याची शिडी धरायचा, त्यामुळे तिला वहिनी म्हणायचा.

"वहिनी, आता हा एकच कागद. घरात राहणाऱ्यांनी लिहून द्यायचं की सात वर्षांत त्यांचं पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही. तुमची सही आणि तुमच्या सासूबाईंची."

"आणि कोणाला काही कळलं असेल तर?" तिने उगाचच विचारलं.

"तर त्या दिवसापासून परत सात वर्षं. तसं काही नाही ना?"

"नाही हो."

"मग शुक्रवारपर्यंत आणा. सोमवारी माझी बदली आहे. नवा माणूस फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेईल, तुम्हाला माहितीये."

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मी सही करणार नाही."

"आई, मेला असं लिहायचंच नाहीये. कळलं नाही एवढंच लिहायचंय."

"वाचता येतं मला."

मंगळवार गेला, बुधवार गेला. टाकेबाईला वाटलं, आईचं काळीज आहे, धीर होत नसेल. मग वाटलं, नुसता हट्ट आहे. कोपऱ्यातल्या फोनचंही तसंच. दोघींचं काम चालायचं ते टाकेबाईच्या मोबाईलवर. पण तो तारेचा फोन बंद करू म्हटलं की म्हातारी जेवण सोडायची. त्या मुक्या डबड्याचं बिल वर्षानुवर्षं भरलं जात होतं.

गुरुवारी संध्याकाळी टाकेबाई दुकानातून आली ती बोट सुईने टोचून घेऊन. तिने कागद सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"आई, मला दिसत नाही हो आता. उद्या शेवटचा दिवस. तुमचा मुलगा न सांगता गेला, मी तुम्हाला एका शब्दाने बोलले नाही. माहेरीही गेले नाही. आता एका सहीसाठी मला अडवताय?"

सासूबाईंनी कागद मांडीवरून बाजूला ठेवला.

"त्याचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. दुपारी. तू दुकानात होतीस."

"काय म्हणाले?"

"काही नाही. खोकला फक्त. एकदा खोकतो, थांबतो, मग परत खोकतो, लहानपणापासून."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, जेवलास का? त्याने ठेवून दिला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तेव्हा कुठे नीट झोपायला लागली होतीस."

टाकेबाई खाली बसली. सात वर्षं ती या माणसासाठी रडली होती. अनोळखी प्रेतं ओळखायला दोनदा जाऊन आली होती. आज पहिल्यांदा तिला त्याचा राग आला. दुपारी ती घरी नसते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिडीवर चढून कोणाचाही कागद शोधणाऱ्याला बायकोसाठी एक शब्द सापडला नाही.

रागही फार वेळ टिकला नाही, तेवढी ताकद उरली नव्हती. परत सात म्हणजे अजून चार वर्षं सुई.

"आई, खोकला काय, कोणाचाही असतो. राँग नंबर होता तो."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"राँग नंबर म्हणतेस?"

"राँग नंबर."

"खोटं निघालं तर पाप कोणाचं?"

"निम्मं निम्मं करू."

"पेन दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न सोडता. खाली टाकेबाईने आपली सही केली. मग दोघी जेवायला बसल्या, पण कोणाचंच जेवण धड झालं नाही.

दोन महिन्यांनी पहिली पेन्शन जमा झाली. टाकेबाईने दुकानात जाऊन आपली कात्री आणि सुया टोचायची उशी उचलली, मालकाचा निरोप घेतला आणि घरी येताना टेलिफोनच्या ऑफिसात शिरली. खिडकीतल्या माणसाने नंबर बघितला.

"बाई, या फोनवरून वर्षानुवर्षं एकही कॉल नाही. उगाच भुर्दंड कशाला? बंद करून टाकू का?"

"नको, असू दे," टाकेबाई म्हणाली, आणि तिने मेलेल्या नवऱ्याच्या पेन्शनमधून वर्षभराचं बिल आगाऊ भरलं.