आकड्यांतून गळालेल्या मुली

"मॅडम, ह्या पोरी गेल्या कुठं?"

डॉ. बिरादारांनी पेनचं टोक माझ्या स्क्रीनवर टेकवलं होतं. ग्राफवर चार रेघा होत्या. लहान मुलं, पुरुष आणि म्हातारी माणसं, या तिघांच्या रेघा वर चढत गेल्या होत्या. चौथी रेघ विशी-पंचविशीतल्या बायकांची. ती खाली आडवी पडून होती.

"सर, डेटा तसाच आहे. पुन्हा तपासला मी."

"डेटा असंल हो तसा. पण टँकर आला की धुळीत उभं कोण राहतं? घागरी कोण वाहतं? मग दमा त्यांनाच कसा होईना?"

मी म्हणाले, बघते.

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि लातूरच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या रिसर्च सेलमध्ये लागले. सेल म्हणजे जिन्याखालची खोली, एक एसी आणि मी. हॉस्पिटलची एक ओपीडी नांदेडलाही होती. काही वर्षांपूर्वी दोन्हीकडचे कागदी केसपेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं होतं. पेशंट कुठून आला, काय झालं, काय औषध दिलं, कशाची ॲलर्जी आहे, सगळं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. धरणाचा तळ दिसत होता. आमची ठरलेली ऑपरेशनं पाण्याअभावी पुढे ढकलली जात होती. गावात दिवसभर धूळ. छातीचे डॉक्टर असलेल्या बिरादार सरांना वाटत होतं की दमा आणि ॲलर्जीचे पेशंट वाढलेत. पण वाटणं वेगळं, दाखवणं वेगळं. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन त्यांनी मला रेकॉर्ड उघडून दिले. नावं काढून टाकलेली, फक्त केस नंबर.

असं काम ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येक आजाराला एक कोड असतो. दम्याचा जे फॉर्टी-फाइव्ह. तो टाकायचा, सर्च मारायचा, मोजायचं. प्रत्यक्षात निम्मा वेळ साफसफाईत जातो. आमच्या रजिस्ट्रेशनच्या मनीषाबाई उदगीरच्या. उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा जोरात चर्चा होती. बाईंनी सरकारची वाट न बघता जिल्ह्याच्या रकान्यात 'उदगीर' भरायला सुरुवात केली होती. विचारलं तर म्हणाल्या, "आज ना उद्या हूणारच हाय की, मॅडम. तुमचं नंतरचं काम वाचलं." म्हणजे माझ्या डेटात नसलेला जिल्हा होता आणि असलेल्या मुली नव्हत्या.

मग मी उलटीकडून शोधायचं ठरवलं. आजार सोडून दिला, औषध धरलं. दम्यात तोंडाने ओढायचं औषध देतात, ज्याला आपल्याकडे सगळे पंप म्हणतात. पंप लिहून दिलेल्या सगळ्या तरुण बायका काढल्या.

धाडधाड स्क्रीन भरली.

महिनोन् महिने पंप चालू आणि आजाराच्या जागी लिहिलेलं: ॲक्यूट ब्रॉन्कायटिस. म्हणजे साधा, काही दिवसांत बरा होणारा खोकला. दर वेळी तेच. काही मुलींना असा 'साधा खोकला' तीन-तीन वर्षं होता. लग्न झालेल्यांमध्ये कमी, लग्नाच्या वयातल्यांमध्ये जास्त.

दुसऱ्या कुणाला कदाचित ही टायपिंगची चूक वाटली असती. मला लगेच कळलं. कारण मी स्वतः त्यातली होते.

मला दहावीपासून दमा आहे. लग्न जमवताना आईने 'धुळीची सर्दी' सांगितलं. मीही मान हलवली. लग्नाला चार वर्षं झाली होती. माझा पंप सॅनिटरी पॅडच्या पाकिटात असायचा. घरात ते पाकीट दुसरं कुणी उघडणार नाही याची खात्री होती. पंप घ्यायचा तो बाथरूममध्ये, नळ सोडून. त्या वर्षी नळाला पाणी नव्हतं. मग मी बादलीत तांब्या वाजवायचे. आवाज झाकायला.

हे मी बिरादार सरांना सांगितलं नाही. फक्त यादी दाखवली. ते बराच वेळ स्क्रोल करत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, ह्यात निम्म्या एंट्र्या माझ्याच आहेत."

"माहीत आहे सर."

"आई समोर बसून रडती. 'दमा लिहू नका डॉक्टर, पोरीचं जमायचंय.' मी म्हणतो, जाऊ दे, औषध तर बरोबर देऊन राहिलो ना. पण उद्या ही पोरगी कॅज्युअल्टीत आली, माझ्याऐवजी दुसरा डॉक्टर असला, तर?"

त्यातली मेख मी आधी सांगायला हवी होती. काही गोळ्या दम्याच्या पेशंटला चालत नाहीत. रेकॉर्डमध्ये दमा असेल तर तशी गोळी लिहिताना कॉम्प्युटर लाल खूण दाखवतो. खोकला लिहिला असेल तर काहीच दाखवत नाही.

सरांनी ठरवलं की या मुलींची पुन्हा तपासणी करायची आणि रेकॉर्ड नीट करायचे. त्यांनी कमिटीकडून नावं आणि फोन नंबर उघडायची वेगळी परवानगी आणली. फोन त्यांच्या नावाने, पण करायचे मी.

मी फोन करत होते आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं. दमा? छे. राँग नंबर. एका बापाने तर मला दम भरला. मी दर वेळी समजावायचे, "हे लपवायची गोष्ट नाही. लपवलंत तर तुमचंच नुकसान." हे म्हणताना मी खोलीचं दार लावून घ्यायचे.

धर्माबादची रेखा मात्र फोन ठेवेना. नांदेडच्या ओपीडीला यायची. वडिलांचं मिरचीचं आडत दुकान, वय बावीस, लग्न उदगीरला ठरलेलं.

"लग्नानंतर पंप कसा घिऊ, ते सांगा मॅडम. तेवढंच पायजे मला."

"लपवू नकोस, रेखा. मुलाला सांगून टाक. समजून घेईल."

"हाव," ती म्हणाली. आणि फोन ठेवून दिला.

धर्माबादला आम्ही तपासणीचं शिबिर लावलं. मिरचीचा सीझन होता. मोंढ्याच्या बाजारपेठेजवळ एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली. बाहेर लाल मिरचीचे ढीग वाळत होते. हवेत ठसका. मी तोंडाला ओढणी बांधली होती. पंप लातूरला, कपाटात. सरांच्या जीपमधून जाताना पर्समध्ये तो दिसला तर, म्हणून ठेवून आले होते.

रेखा आईबरोबर आली. आईने खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "दमा-बिमा काई न्हाई हो मॅडम. जरासा खोकला हाय. कालच उदगीरची माणसं येऊन गेली. तारीख निघाली."

सरांनी रेखाला नळीत फुंकायला लावलं. आकडे चांगले नव्हते. सर आईला शांतपणे समजावू लागले. तेवढ्यात रेखाने मला खिडकीपाशी नेलं.

"एक इचारू? तुमच्या घरी चालंल का हो, दम्याची सून?"

सरळ 'हो' म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि त्याच वेळी माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

दमा असलेल्या माणसाला हे आधी कळतं. मी "फोन आला" म्हणत बाहेर पडले. बाहेर तर मिरचीच. जीपच्या आडोशाला गेले, बॉनेटवर हात टेकले. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. मला आठवतंय, त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात एकच होतं. सरांना दिसू नये.

रेखा मागे आली होती. तिने एकदाच बघितलं. कुडत्याच्या आतून रुमालाची घडी काढली, त्यातला पंप हलवला आणि माझ्या तोंडाशी धरला.

"ओढा. जोरात. धरून ठिवा."

पुन्हा एकदा ओढायला लावलं. मला पायरीवर बसवलं. तोवर सर आले, ड्रायव्हर आला, रेखाची आई आली. सगळे माझ्याभोवती उभे. आईच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला सगळं समजलंय.

जरा बोलता यायला लागल्यावर मी "थँक यू" म्हणाले. रेखाने पंप पुसला, रुमालात परत गुंडाळला.

"तुमालाबी हाय."

"हो."

"घरी म्हायीत हाय?"

मी मान खाली घातली.

"मग फोनवर मला काय शानपण शिकवून राहिल्या होत्या तुमी?" ती ओरडली नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आईचा हात धरून ती निघून गेली. इतक्या लोकांत मी मान वर करू शकले नाही.

परतीच्या वाटेवर सर पुढे बसले होते. मागे न वळताच म्हणाले, "कुणाकडं दाखवता?"

"नांदेडला. एका डॉक्टरांकडे."

"तिथं काय लिहिलंय?"

"ॲलर्जिक सर्दी, सर."



त्याच रविवारी दुपारी मी नवऱ्याला सांगितलं. तो टँकरचं पाणी ड्रममध्ये भरत होता. शिक्षक माणूस, शांत. त्याने पाइप बाजूला केला. "पंप कुठं ठेवतेस?" मी पाकीट आणून दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "मी काय केलं असतं असं वाटलं तुला?" एवढंच म्हणाला. पुढचा आठवडाभर कामापुरतं बोलत होता. सासूबाईंना त्याच्याकडून कळलं, पण त्या तशा बऱ्या वागल्या. म्हणजे फोडणी स्वतः घालायला लागल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "सूनबाईला दमा हाय, आमाला सांगितलंच नव्हतं" हे सांगायलाही लागल्या. दोन्ही चालू राहिलं.

कामाचं म्हणाल तर आम्ही पद्धत बदलली. कोडऐवजी औषधं आणि फुंकण्याच्या टेस्ट धरून मोजलं. चौथी रेघ बाकी तिन्हींसारखीच वर गेली. सरांनी स्वतःचे जुने रेकॉर्ड एकेक उघडून, पेशंटला विचारून दुरुस्त केले. कॉम्प्युटरमध्ये खरा आजारच लिहायचा, पण पेशंट म्हणेल तर हातात मिळणाऱ्या कागदावर तो छापायचा नाही, अशी सोय करून घेतली. ट्रस्टींपुढे हे मांडताना ते म्हणाले, "ही चूक कॉम्प्युटरची नाही, माझी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर खाली बघत होते.

शिबिरानंतर काही दिवसांनी रेखाचा फोन आला.

"मॅडम, मी त्याला सांगितलं. मोडलं लगीन."

मी घरी सांगितलं तेव्हा माझं लग्न चार वर्षांचं होतं. कुणी मला बाहेर काढणार नव्हतं. तिला मी जे करायला सांगितलं ते मी त्या वयात केलं नव्हतं.

"सॉरी, रेखा," मी म्हणाले.

"आई तुमालाच शिव्या घालून राहिली. कॉम्प्युटरवाल्या बाईनं वाटोळं केलं म्हन्ती." मग म्हणाली, "मला राग आलता तुमचा. आता तेवढा न्हाई. पन ह्ये दुसऱ्या पोरीला सांगताना नीट सांगत जावा. मोडतं बी, म्हनून."

तिचं पुढे दोन वर्षांनी देगलूरला लग्न झालं, सगळं सांगून. हे मला नांदेडच्या ओपीडीतून कळलं, तिच्याकडून नाही.

मी अजून हेच काम करते. नव्याने लागलेल्या मुलामुलींना शिकवतेही. एखाद्या गटात आजार कमी दिसला की ते खूश होतात. मी त्यांना सांगते, आधी विचारा की हा आजार सांगायची लाज कुणाला वाटते, मग आकडा बघा. आणि फोनवर पेशंटला काही करायला सांगणार असाल तर त्यानंतर काय होऊ शकतं, तेही सांगा. लग्न मोडू शकतं, हेसुद्धा.