चुकीच्या घरातला चहा

“आदी पानी द्या, मग कोन ते इचारा.” आबांचं हे वाक्य आमच्या मारुंजीच्या सोसायटीत इतकं चाललं, की गॅस सिलिंडरवालाही दारात उभा राहून तेच ऐकवायचा.

आमच्या इमारती ज्या भातखाचरांवर उभ्या आहेत, ती आबांची. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटपैकी एकात ते मुलाकडे राहत, बाकीचे भाड्याने देत. मी हिंजवडीत नोकरी करते आणि गणपतीत सोसायटीसाठी स्किट लिहिते. कौतुक दोन्हीकडे बेताचंच. पहिल्या वर्षी मी राजदरबार लिहिला. राजा सिंहासनावरून धाडकन पडला, तरी प्रेक्षक मोबाइलमधून मान वर करेनात.

“ताई, राजा पडला तर कुनाला लागतंय?” आबा नंतर म्हणाले. “आपल्या जिन्यात आपला सेक्रेटरी पडू द्या, मग बगा. त्या पायरीवरनं समदीच घसरल्यात.”

मग मी आमचंच दुखणं लिहायला घेतलं. तुमच्याकडेही होत असेल हे: सगळ्या विंग सारख्या, दारं सारखी, माणूस दमून येतो आणि भलत्याच विंगमधल्या घरात शिरतो. माझ्या लिखाणात घरमालक ओरडत होता. आबांना ते पटेना.

“वरडतंय कोन? आदी पानी, मग चा. दारात आलेल्या मानसाला तू कोन म्हनून कसं इचारायचं?”

झालं! घरमालक बिचारा भिडेपोटी पाणी देतो, चहा देतो, आणि पाहुणा सोफ्यावर पसरून त्यालाच विचारतो, “तुमी कवा आलात?” पाहुण्याच्या भूमिकेत अर्थातच आबा. लोक पोट धरून हसत होते आणि जो तो शेजाऱ्याला कोपरखळी मारत होता, “हा तूच रे!” तेव्हापासून दर गणपतीत तेच स्किट. दुसरं काही लिहिलं, की लोक चिडायचे.

एका रविवारी आमच्याकडे शेजारी जेवायला आले होते. दार उघडंच होतं. आबा आत आले, चपला काढल्या, टोपी सोफ्याच्या हातावर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली, “चा टाक गं.”

आम्हाला हसू फुटलंच. मीही स्किटमधलंच पुढचं वाक्य टाकलं, “साखर किती घालू?” शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या.

आबांनी त्यांचं वाक्य घेतलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. “हितला फोटो कुनी काडला?” मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं, “बाई, आमची मंडळी कुटं गेली?”

त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकेकाचं हसू थांबलं. एक जण मात्र अजून हसतच होता आणि त्याला गप्प कसं करावं ते मला कळेना. कळत काहीच नव्हतं. हे तुमचं घर नाही म्हणावं, तर जमीन त्यांचीच. त्या गेल्या म्हणावं, तर त्यांना ते पुन्हा पहिल्यांदा ऐकावं लागलं असतं. मी पाणी दिलं. चहा टाकला. चहा होईपर्यंत त्यांचा मुलगा शोधत आला.

“आबा, चला घरी.”

“घरीच हाय की,” आबा म्हणाले.

मुलगा बायकोसह त्यांना घेऊन रिहे गावी, शेतावरच्या घरी राहायला गेला. तिथे चुकायला शेजारी दुसरं दारच नाही. इकडे गणपतीच्या मीटिंगमध्ये लोकांनी तेच स्किट मागितलं. मी नाही म्हणाले. फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगून काही होणार नव्हतं.

गेल्या महिन्यात मी रिह्याला गेले. आबा ओट्यावर बसले होते. मला बघताच उठले, आतून तांब्या-पेला घेऊन आले. “बसा, उन्हाचं आलात.” सुनेला चहा टाकायला सांगितला. यंदा भात बरा हाय म्हणाले, मुलांची चौकशी केली. ओळखलं त्यांनी मला! माझे डोळे भरून आले.

चहा संपला. मी कप खाली ठेवेपर्यंत ते थांबले. मग जरा पुढे वाकून संकोचाने म्हणाले, “राग मानू नका. तुमी कोन?”