राजाच्या गळ्यावरची रेघ

जळगावहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा पिशवीत एक भिंग, एका रोमन नाण्याचा मोठा केलेला फोटो आणि छापायला दिलेल्या माझ्या लेखाची प्रत होती. नाण्यावरच्या सम्राटाच्या कानापासून गळ्यापर्यंत एक रेघ आहे. परक्या राजाच्या रागाने इथल्याच कुणीतरी छिन्नी मारली असावी, असं मी लेखात ठासून लिहिलं होतं. नाणं मात्र कधी हातात घेतलं नव्हतं.

पारोळ्याला बस पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत शेवभाजी खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पुढे दोन्ही बाजूंना कपाशी. धुळ्याला बस बदलून सोनगीरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. किल्ल्याखालच्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता.

नाणं तिथल्या एका आक्कांचं. त्यांच्या वडिलांना विहीर खणताना सापडलेलं. आक्कांनी ते देव्हाऱ्यातून आणलं. राजाचा गळा हळदीने पिवळा झाला होता.

"दर अमावास्येले लावस," त्या म्हणाल्या. "याले घाव शे ना? कोनी मारं व्हई?" (याला घाव आहे ना? कोणी मारलं असेल?)

मी फोटो दाखवून माझा तर्क सांगितला. आक्का नाण्याकडे बघत राहिल्या.

शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, नाना, तांब्याचा हंडा ठोकत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली, नाणं सदऱ्याच्या टोकाने पुसून घेतलं आणि त्यावर अंगठा फिरवला.

"भाऊ, घाव आत जास. हाई रेघ वर शे. तुम्हीच बोट फिराई देखा."

मी बोट फिरवलं. रेघ खरंच उंचवट्यासारखी लागली.

"ज्या ठसावरून नाणं पाडं, तो ठसाच तडकेल व्हई," नाना म्हणाले. "फटमा चांदी भरनी." (फटीत चांदी भरली.)

माझे कान तापले. दोन वर्षांचा अभ्यास एका अंगठ्याखाली संपला होता.

आक्कांनी विचारलं, "म्हणजे याले कोनीच मारं नही?"

"नाही आक्का. कोणीच नाही."

त्यांचा चेहरा सैल झाला. त्या उठून चहा ठेवायला गेल्या.

परतीच्या बसमधून मी संपादकांना फोन करून लेख थांबवायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. फोटोत खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतात, एवढंच म्हणालो. खरं तर मला त्या रेघेत राग हवा होता, म्हणून तो दिसला. आक्कांना दुखणं दिसलं, त्यांनी हळद लावली. चुकलो आम्ही दोघंही, पण त्यांची चूक मला माझ्या चुकीपेक्षा बरी वाटली.