आधी पूजा, मग तुम्ही

शिऱ्याचा कागद तिनं पायरीवर ठेवला आणि पायाच्या अंगठ्यानं माझ्याकडे सरकवला.

हातात दिला नाही. मी हात पुढे केला होता. तो तिनं बघितला. मग वाकली, कागद खाली ठेवला आणि ढकलला. "घ्या मावशी. प्रसाद आहे."

आत सत्यनारायण चालला होता. ज्या लादीवर चौरंग मांडला होता, ती लादी मी घासली होती. गुडघे टेकून. कारण तो हॉल आम्हाला राहायला दिलेला होता.

आम्ही म्हणजे मी आणि गिरजाबाई. दोघी म्हाताऱ्या, दोघी विधवा. ती साताऱ्याकडची, मी परभणीची. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवर एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही झोपायचो. माझी खोली नवऱ्याच्या आजारपणात गेली. तिला मुलानं बाहेर काढलं. ती सांगायची, मुलगा गावाला गेलाय. मी कधी खोडून काढलं नाही.

तिला दमा होता. ओटा भिजला की आडवं होता यायचं नाही. बसूनच श्वास ओढायची. तिला कोरडी जागा पाहिजे होती. एवढंच.

तेव्हा पालिका बेघरांसाठी जागा शोधत होती. जिथं जातील तिथं लोक नको म्हणायचे. शाळेजवळ नको, बागेजवळ नको. शेवटी एका सोसायटीला लागून असलेला, बंद पडलेल्या बालवाडीचा हॉल सापडला. वॉर्डातला साहेब ओट्यावर आला. तरुण होता, नीट बोलायचा.

"आजी, हॉल झाडून-पुसून घ्या. सोमवारपासून राहायचं. आणखी बायका पण आणतोय."

किल्ली त्यानं गिरजाबाईच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली आणि दिवसभर चाचपत राहिली.

सोमवारी आम्ही सामान उचललं त्याच दिवशी दुकानवाल्यानं ओट्याला लोखंडी जाळी ठोकली. "मौसी, अब तो आपको घर मिल गया ना," म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला असेल.

सोमवारच्या आधी हॉलमधली कबुतरांची घाण आम्ही खरवडली. भिंती पुसल्या. गिरजाबाईला धाप लागायची, तरी बसून बसून पुसायची. तेवढ्यात सोसायटीच्या बायका आल्या. पुढे सेक्रेटरीची बायको.

"तुम्ही कुठल्या?" तिनं मला विचारलं.

"परभणीच्या."

तिला परभणी नको होती. जे पाहिजे होतं ते तिनं माझ्या गळ्यातल्या बाबासाहेबांच्या लॉकेटवरून घेतलं. मग गिरजाबाईकडे वळली.

"मावशी, किती वर्षांची बंद वास्तू आहे ही. पूजा न करता राहू नये. श्रावण आहे, आम्हीच सत्यनारायण घालतो. आधी पूजा होऊ दे, मग तुम्ही या."

गिरजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या घरात पूजा कशी करायची, हाच घोर तिला सकाळपासून लागला होता.

"गिरजे, किल्ली देऊ नको," मी म्हणाले.

"आपल्याच घराची पूजा करतायत त्या. तुला देवाचं वावडं, मला न्हाई."

तिनं पदराची गाठ सोडून किल्ली दिली. घर तिचंही होतं.

पूजेच्या दिवशी आम्हाला बाहेर बसवलं. आत जागा कमी आहे म्हणून. आणि मग तो कागद आला. गिरजाबाईनं आपला कागद उचलून कपाळाला लावला. मी माझा उचलला नाही.

"पाय लावलेलं मी खात नाही," मी म्हणाले.

सेक्रेटरीची बायको हसली. "बघा. राहायला जागा नाही आणि नखरे किती."

आतल्या सगळ्या हसल्या. जिच्याकडे मी भांडी घासायचे तीही आत होती. ती हसली नाही. तिनं आरतीच्या ताटाकडे मान वळवली. मला तिचाच जास्त राग आला.

संध्याकाळी बाईनं किल्ली परत दिली. गोड बोलून दिली. सोमवारी आम्ही बोचकी घेऊन गेलो तर दाराला नवीन कुलूप. खिडकीतून देवाचा फोटो दिसत होता, वर दिव्यांची माळ. रोजची आरती सुरू झाली होती.

"आता देव बसलाय मावशी," बाई म्हणाली. "देवाला उठवून कुणी झोपतं का?"

साहेब आला. कुलूप बघितलं. "लोकांच्या भावना आहेत, आजी. हात लावला तर राडा होईल. थोडं थांबा."

कुठं थांबायचं ते सांगितलं नाही. ओट्याला जाळी होती. आम्ही हॉलच्या पायरीवर थांबलो.

गिरजाबाई पायरीवरून आरतीला टाळ्या वाजवायची. "उघडतील गं. एवढी देवधर्माची माणसं हायती." तिच्या छातीतला आवाज मला आरतीच्या वरून ऐकू यायचा. दारात चपला काढताना त्यांनाही येत असणार.

गणपती बसले आणि तिला उठता येईना. रिक्षावाल्यानं सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथून ती परत आली नाही. नर्सनं तिच्या पदराची गाठ सोडली.

"ही किल्ली कसली?"

"घराची," मी म्हणाले.

ती किल्ली मी साहेबाच्या टेबलावर ठेवली. "ही तुमची. आता कुलूप तुम्ही उघडा."

तो वर बघेना. "तुमच्यासाठी घोडबंदरकडे एक शेड बघतोय, आजी. लांब आहे, पण तिथं कुणाची तक्रार येणार नाही. तुम्हाला जागेशी मतलब ना?"

कुणाची तक्रार येणार नाही, म्हणजे शेजारी माणूसच नाही.

"मला त्याच जागेशी मतलब आहे," मी म्हणाले. "शेडमध्ये देव ठेवा. त्याला दमा नाही."

मी पायरीवर परत आले. फोटोला मी हात लावणार नाही. त्यांनी आणला, त्यांनीच न्यावा. मी फक्त उठणार नाही. आरतीआधी त्या पायरी धुतात. मी सरकते. धुऊन झाली की ओल्या पायरीवर बसते. पोलीस येऊ दे, साहेब येऊ दे. दार उघडेल तेव्हा मी आत जाणार, बाहेर कुठं जाणार नाही.

तो हॉल दोघींनी धुतला होता. एक मेली. दुसरी मी.