लॅपटॉपला दिलेला ताण

आमच्या साडूंनी आजवर एकही वस्तू फेकून दिलेली नाही, आणि एकाही वस्तूला सलग वर्षभर सुखाने काम करू दिलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग आहे आणि त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या बागेतच उगवलेलं आहे. संत्र्याला चांगला बहार यायला हवा असेल, तर दिवाळी झाली की झाडांचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग हलक्या हाताने पाणी सोडायचं, की झाड फुलांनी लदबदून जातं. याला ताण देणं म्हणतात. तिकडचे सगळेच बागाईतदार हे करतात, पण ते झाडांपाशी थांबतात. साडू थांबत नाहीत. त्यांनी पंख्याला ताण दिलेला आहे, मनगटावरच्या घड्याळाला दिलेला आहे, आणि एकदा ऐन दिवाळीत मिक्सरला दिला होता, तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, सगळं वाटण पाट्यावर वाटलं आणि चार दिवस नवऱ्याशी अबोला धरला. माझ्या लग्नाला हा मनुष्य ट्रॅक्टरवरून आला, कारण स्कूटर ताणावर होती. मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर दुसरी पुरणपोळी पानात पडायला तासभर लागला. मी ताटावर हात वाळवत बसलो होतो आणि साडू समाधानाने मला न्याहाळत होते. "आता कशी गोड लागीन पाहा," ते म्हणाले. कबूल करायला जिवावर येतं, पण लागली. "भाऊ, वस्तूंना आराम देता म्हणा की," असं मी एकदा म्हणालो, तर त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "आराम नाई साडभाऊ, ताण. आरामानं वस्तू आळशी होते."

त्यांचा लॅपटॉप मूळचा त्यांच्या लेकीचा. मुक्ता इंजिनिअरिंगला अमरावतीला गेली तेव्हा घेतलेला. ती पुढे पुण्याला नोकरीला लागली आणि लॅपटॉप घरी राहिला, तो साडूंनी ताब्यात घेतला. बागेतल्या एकेका झाडाचे फोटो त्यात आहेत, झाडांच्या नावानिशी. फक्त ते पाहायचे म्हणजे सकाळ खर्ची घालावी लागे. साडू बटण दाबत, मग गाईला चारा घालत, आंघोळ करत, देवपूजा उरकत, चहा घेत, आणि परत येईपर्यंत पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र अजून फिरत असे. त्यांना त्याचा त्रास नव्हता. त्या वेळेत घरातली सगळी कामं आटोपतात असं त्यांचं म्हणणं होतं.

गेल्या दिवाळीत मुक्ता चार दिवसांसाठी आली. ती निघताना साडू म्हणाले, अजून आठ दिवस राहा ना. बापाला नाही कसं म्हणायचं, म्हणून पोरगी जाता जाता बोलून गेली, "बाबा, इथून काम करता आलं असतं तर राहिलेच असते. पण आपला लॅपटॉप पाहा ना, उघडालेच पाऊन तास लागते त्याले." ती गाडीत बसली आणि विसरली. साडूंनी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. जानेवारीच्या शेवटी ती पुन्हा येणार होती. तोवर लॅपटॉप पळता करायचा, म्हणजे पोरगी आठ दिवस राहील, इतका सरळ हिशेब.

त्यांनी मला फोन केला, कारण अकोल्याच्या आमच्या ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी काढतो आणि त्यामुळे सासरकडे माझी संगणकतज्ज्ञ म्हणून ख्याती आहे. आता, कंपनीचं काम कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवरच करावं लागतं, घरच्यावर चालत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. सांगायला तोंडही उघडलं होतं. पण पलीकडून आवाज आला, "पोट्टी राहीन म्हन्ते साडभाऊ," आणि मी म्हणालो, रॅम वाढवू, भाऊ.

तिसऱ्या दिवशी साडू एसटीने अकोल्याला हजर. मांडीवर संत्र्याची पेटी, पेटीत वाळलेलं गवत आणि गवतात लॅपटॉप. दुकानदाराने मागचं झाकण उघडून पाहिलं, रॅमची बोटभर लांबीची हिरवी पट्टी काढून दिली आणि म्हणाला, दोन मिनिटांत बसवून देतो. साडूंनी पट्टी उन्हात धरली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "वरचा नग नको, खालचा दाखवा." सगळे सारखेच असतात असं दुकानदार परोपरीने सांगत होता. साडूंनी आयुष्यभर वरचा थर चांगला लावलेल्या पेट्या पाहिल्या आहेत, ते कसले ऐकतात. पाच पट्ट्या पाहून त्यांनी पहिलीच घेतली. आणि बसवू दिली नाहीच. "रोप दुकानात लावत नसतेत. आन् अजून ताण बाकी हाय."

बागेचं पाणी तोडलं त्याच दिवशी त्यांनी लॅपटॉपची वायर काढून कपाटात ठेवली होती. ताण पुरा होईपर्यंत हात लावायचा नाही. मुक्ता यायच्या तीन आठवडे आधी बागेला पहिलं पाणी सोडलं आणि मला बोलावणं आलं. मी इंटरनेटवर पाहून सगळं पाठ केलं होतं, तरी झाकण उघडल्यावर पट्टी कुठल्या बाजूने घालायची तेच मला आठवेना. दुकानदाराने बजावलं होतं, आधी लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरू द्या. साडू खिडकीचा गज धरून इतका वेळ उभे राहिले, की ताईंनी येऊन कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. ज्या बोटांनी त्यांनी हजारो रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं केलीत, त्या बोटांनी ती तिरकी आत सरकवली आणि अलगद दाबली. टक् असा आवाज झाला. "वरून पट्टी नाई बांधा लागत?" त्यांनी विचारलं, कलमाला बांधतात तशी. नाही म्हटल्यावर त्यांचा जरा विरस झाला. पहिल्या दिवशी वीसच मिनिटं वीज दिली, पहिलं पाणी हलकं असतं म्हणून. मग बटण दाबून ते सवयीने चाऱ्याकडे निघाले, आणि अंगण ओलांडायच्या आत मी हाक मारली. लॅपटॉप उघडला होता. साडू हातात चाऱ्याची पेंढी घेऊन पडद्याकडे पाहत राहिले. "एवढ्यात?" ते म्हणाले.

मुक्ता आली आणि चार दिवसांनंतरही राहिली. आठव्या दिवशी, रविवारी, मी भेटायला गेलो तेव्हा बाग फुलली होती आणि वास पार रस्त्यापर्यंत येत होता. ओसरीवर मुक्ता तो लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि समोर साडू काही न करता नुसते बसले होते. मी पाणी प्यायला आत गेलो, तर आतल्या खोलीत खाटेवर गोधडीखाली दुसरा लॅपटॉप. मुक्ता मागोमाग आली. "काका, खरं काम यावर करते. मीटिंग असली की आत येते. बाबांना सांगू नका." मी वचन दिलं. मला या पोरीचा फार अभिमान वाटला.

साडू मला बसपर्यंत सोडायला निघाले. मी आपला म्हणालो, "भाऊ, मस्त चालून राहिला लॅपटॉप." त्यांनी एकदा मागे वळून ओसरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिचं कंपनीचं मशीन आत हाय, गोधडीखाली. तिथलं प्लगचं बटन खराब होतं, ते मीच बदलून ठेवलं. तिले मालूम नाई."

"मग तिला बोलला नाहीत?"

"काहून बोलू? माह्यासाठी दोन-दोन मशीनी सांभाळून राहिली पोट्टी. राहिली ना आठ दिवस."

मी विचारलं, "ती गेली की मग लॅपटॉप परत ताणावर?"

"नाई," साडू म्हणाले. "हे आता रोज चालू ठेवतो. ती कवा येईन, सांगता येत नाई."

मुक्ता गेली त्याला आता महिना होऊन गेला. परवा ताईंचा फोन होता. साडू रोज सकाळी बटण दाबतात म्हणे, लॅपटॉप लगेच उघडतो, आणि मधल्या वेळात करायला काही काम उरत नाही म्हणून ते तसेच त्याच्यासमोर बसून राहतात.