माकूळवाली आणि तुपाची बरणी

श्रावणातली दुपार होती. वर्धा-आर्वी एसटीत शेजारी बसलेली मुलगी मांडीवरची तुपाची बरणी सारखी आडवी करून पाहत होती. मी रिटायर मास्तर. चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही.

"रोहण्याची आहो काका. नोकरी समुद्रावर. माकूळ म्हणून दहा हातांचा जीव असते, त्याची चरबी तपासतो आम्ही."

मला हसू आलं. तिनं शांतपणे समजावलं. हा प्राणी शिकार इतकी बारीक कुरतडतो, की पोट फाडूनही काही ओळखू येत नाही. पण खाल्लेल्याची खूण चरबीत उतरते. त्यावरून समुद्रात कोण कोणाला खातं, याचा माग लागतो.

"हे तं मी घरीच शिकली. गाय हिरवं चरली का तूप पिवळं, मऊ. नुसत्या सरकीच्या ढेपीवर राह्यली का पांढरं, टणक." तिनं बरणी पुढे केली. तूप पांढरं होतं, हलत नव्हतं. "आईनं गावच्या माणसासंग पाठवलं. भर श्रावणात गाय खुट्यालेच बांधून आहे. म्हणजे आईचा गुडघा पुन्हा धरला. फोनवर तं म्हणते, बेस आहे. म्हणून न सांगता निघाली. माकूळ बोलत नाई, आईबी बोलत नाई."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हो आई, समुद्रावरच आहो. जेवली ना!"

"आंजीवाले उतरा!" कंडक्टर तिच्या कानाशीच ओरडला.

पलीकडून आई काय बोलली ते ऐकून ती खळखळून हसली.

मला आंजीलाच उतरायचं होतं. पिशवी उचलता उचलता विचारलं, "काय म्हणाली आई?"

"भाकर टाकते म्हणे."